मामांच्या बागेतला डबा मुका का झाला?

(ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लिखित प्रत. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी करा. आजची गोष्ट मामांच्या फोनने सुरू होते, आणि आमचे मामा फोनवर शेजारच्या रानात ऐकू जाईल असंच बोलतात.

नोव्हेंबरचे दिवस होते. मी साताऱ्यात, पोवई नाक्यावर सकाळचा चहा घेत उभा. तासगावहून मामांचा फोन.

"आरं, तुझा डबा मुका झालाय बघ. पावसाचा आकडा येतोय, पण ओलावा बी न्हाई आन् तापमान बी न्हाई. रातीपासनं ढग धरून आलंय. फवारू का नको, तेवढं सांग."

ज्यांच्या घरी द्राक्षबाग नाही त्यांना या प्रश्नातली घाई कळणार नाही, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. आपल्या सांगली भागात ऑक्टोबर छाटणी झाली की नोव्हेंबरात बाग फुलोऱ्यात येते. नेमकं तेव्हा ढगाळ हवामान, पाऊस आणि हवेत ओलावा असेल, तर दावण्या येतो. ही बुरशी आहे. पानाच्या खालच्या बाजूला पांढरट लव दिसते, आणि घडावर आली तर तो घड गेला. म्हणून औषध आज मारायचं की उद्या, हा बागायतदारासाठी वर्षाच्या कमाईचा प्रश्न असतो.

तर मामांना मदत म्हणून तीन वर्षांपूर्वी मी एक डबा बनवून दिला होता. आत रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक, त्याला हवेतला ओलावा आणि तापमान मोजणारा एक सेन्सर, आणि पाऊस मोजणारं एक साधं यंत्र. दर अर्ध्या तासाला मामांच्या फोनवर आकडे. तीन हंगाम डबा चालला. मामा येईल त्या पाहुण्याला दाखवायचे, "भाच्यानं केलंय."

आणि ऐन ढगाळ दिवशी डबा अर्धाच बोलायला लागला.

मी लगेच मामेभावाला फोन लावला. तो बारावीला आहे, मला दादा म्हणतो. विचारलं, "डब्याला हात लावलास का?"

तो म्हणाला, "दादा, मी फक्त अपडेट मारलं. सिक्युरिटी अपडेट होतं, म्हणून."

मंडळी, मी त्याला खूप बोललो. "चालू असलेल्या गोष्टीला हात कशाला लावायचा? विचारायचं तरी होतंस!" पोरगं गप्प झालं. तिकडे मामांनी जुन्या पद्धतीने ठरवलं. पहाटे बागेत गेले, पानं हाताने बघितली, दव किती पडलंय त्याचा अंदाज घेतला आणि फवारणी केली. बहुतेक बाग वाचली. खालच्या कोपऱ्यात, जिथे हवा कोंडते, त्या ओळींवर मात्र दावण्या आलाच.

आजचा एपिसोड त्या पोराची माफी आहे. कारण दोन दिवसांनी तासगावला जाऊन डबा उघडला तेव्हा कळलं की चूक त्याची नव्हती, माझी होती. मी एका चिपला एक नाव दिलं होतं आणि ते कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.

चिप स्वतःचं नाव सांगते का?

आधी थोडं तंत्र. घाबरू नका, खिशात फोन असलेल्या कुणालाही समजेल असंच सांगतो.

तुम्ही लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावता. लॅपटॉपला कसं कळतं की हा पेनड्राइव्ह आहे, माउस नाही? कारण यूएसबी उपकरण स्वतःची ओळख सांगतं. त्याच्या पोटात दोन आकडे असतात. एक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. लग्नात अनोळखी पाहुणा दारात येऊन "मी कऱ्हाडच्या आत्याबाईंचा धाकटा" म्हणतो, तसं. मग ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या आकड्यांवरून योग्य ड्रायव्हर शोधतो. ड्रायव्हर म्हणजे त्या वस्तूशी कसं बोलायचं हे माहीत असलेला प्रोग्रॅम.

पण फोनमधल्या किंवा माझ्या डब्यातल्या बऱ्याचशा चिपा अशा बोलक्या नसतात. त्या आयटूसी किंवा एसपीआय नावाच्या साध्या तारांवर बसलेल्या असतात. या तारांवर "तू कोण?" असं विचारायची सर्वमान्य पद्धतच नाही. काही चिपांमध्ये ओळखीचा आकडा असतो. उदाहरणार्थ बॉश कंपनीचे दोन प्रसिद्ध सेन्सर आहेत, बीएमपी२८० आणि बीएमई२८०. दिसायला भाऊ-भाऊ, पण पहिला ओलावा मोजत नाही, दुसरा मोजतो. दोघांच्या पोटातला ओळखीचा आकडा वेगळा आहे. पण तो आकडा कुठे वाचायचा, हे समजायला समोर बॉशची चिप आहे हे आधी माहीत हवं. म्हणजे पाहुण्याचं नाव त्याच्या पाकिटात आहे, पण पाकीट कुठल्या खिशात ते माहीत नाही.

मग कर्नलला कुणीतरी आधीच सांगावं लागतं की या बोर्डावर, अमुक तारेवर, अमुक पत्त्यावर, अमुक चिप आहे. हे सांगणाऱ्या फाइलीला डिव्हाइस ट्री म्हणतात. वंशावळीसारखी रचना असते. वर बोर्ड, त्याखाली प्रोसेसर, त्याखाली तारा, तारांवर चिपा. आणि प्रत्येक चिपेच्या नोंदीत एक ओळ असते, तिचं नाव "कंपॅटिबल". आजचा आपला विषय हीच ओळ.

या ओळीत नाव लिहायची रीत ठरलेली आहे. आधी कंपनी, मग स्वल्पविराम, मग त्या भागाचं नेमकं नाव. "बॉश, बीएमई२८०". दुसऱ्या बाजूला प्रत्येक ड्रायव्हरकडे यादी असते की मी या या नावांच्या चिपा सांभाळतो. कर्नल दोन्हीकडची नावं जुळवतो. जुळलं की लग्न लागलं, चिप चालू.

आणि जुळलं नाही तर?

बऱ्याचदा काहीच होत नाही. कर्नल ओरडत नाही. स्क्रीनवर लाल अक्षरं येत नाहीत. त्या नावावर हक्क सांगायला कुणी आलं नाही, एवढंच. चिपेला वीज मिळतेय, ती जागेवर आहे, पण तिच्याशी कुणी बोलत नाही. मामांच्या भाषेत, डबा मुका.

मी काय करून ठेवलं होतं

आता माझा पराक्रम ऐका. डब्यात घातलेला सेन्सर एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या कंपनीचा होता. स्वस्त होता. त्याचं माहितीपत्रक वाचलं तर लक्षात आलं की तो हुबेहूब दुसऱ्या एका प्रसिद्ध सेन्सरसारखा वागतो. सिलिकॉन लॅब्स कंपनीचा एसआय७०२० म्हणून सेन्सर आहे. तेच आदेश, तीच उत्तरं, तोच पत्ता. त्या प्रसिद्ध सेन्सरचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून आहे.

मी काय केलं? कर्नलचा कोड उतरवला, त्या ड्रायव्हरच्या यादीत स्वतःच्या मनाचं एक नाव घुसडलं. नाव होतं "मामा, हवा-सेन्सर". हसू नका, तेव्हा मला ते फार भारी वाटलं होतं. डिव्हाइस ट्रीमध्येही तेच नाव लिहिलं. कर्नल स्वतः बांधला, डब्यात टाकला, सगळं चालू. कुठल्या वहीत नोंद नाही, कुणाला सांगितलं नाही. तीन वर्षांनी मलाही ते धड आठवत नव्हतं.

मग भावाने अपडेट केलं. अपडेटने माझा घरगुती कर्नल बाजूला सारून अधिकृत कर्नल बसवला. त्याने तेच करायला हवं होतं. अधिकृत कर्नलच्या ड्रायव्हरला "मामा, हवा-सेन्सर" कसं माहीत असणार? डिव्हाइस ट्रीची फाइल मात्र जुनीच राहिली होती, ती त्याच नावाने हाका मारत बसली. ओ द्यायला कुणी नाही. पाऊस मोजणारं यंत्र वेगळ्या साध्या तारेवर होतं, म्हणून तो आकडा येत राहिला.

पोराने अपडेट केलं हे बरोबर केलं. नेटला जोडलेलं यंत्र वर्षानुवर्षं अपडेट न करता ठेवणं हीच चूक, आणि ती मी करत होतो. पण नाव लिहून ठेवलेलं नसलं की असंच होतं. ज्याचा हात शेवटचा लागला त्याच्या माथी दोष येतो. ज्याने तीन वर्षांपूर्वी नोंद टाळली तो साताऱ्यात चहा पीत रागावत असतो.

काकांची वही

उपाय मला खरं तर लहानपणापासून माहीत होता, फक्त तो संगणकाचा म्हणून ओळखता आला नव्हता.

आपला भाग इंजिनांचा आणि पंपांचा. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. साताऱ्यात कूपरची इंजिनं बनली. गावोगावी विहिरींवर पंप आणि त्यांच्या दुरुस्तीची दुकानं. माझ्या काकांचं साताऱ्यात असंच स्पेअर पार्टचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक तुटका वॉशर घेऊन यायचं. काका वॉशर बघायचे, मग एक जाड वही काढायचे. वहीत प्रत्येक भागाचा नेमका नंबर, आणि त्याखाली एक ओळ, "हा नसेल तर अमुक नंबर बसतो."

बसतो! या एका शब्दावर काकांचं दुकान चालायचं.

कंपॅटिबल या ओळीत हीच सोय आहे. तिथे एकच नाव लिहायचं बंधन नाही. नावांची रांग लावता येते, सगळ्यात नेमकं नाव आधी, मग जास्त सर्वसाधारण. माझ्या डब्यात मी असं लिहायला हवं होतं की पहिलं नाव त्या कमी प्रसिद्ध कंपनीचं आणि तिच्या चिपचं, आणि दुसरं "सिलॅब्स, एसआय७०२०". कर्नलला पहिलं नाव माहीत नसेल तर तो दुसरं बघतो. "हा नसेल तर तो बसतो." ड्रायव्हरला हात न लावता, कर्नल स्वतः न बांधता, कितीही अपडेट आले तरी डबा बोलत राहिला असता. आणि उद्या त्या पहिल्या चिपेत काही बारीक फरक सापडला, तर तिचं खरं नाव आधीपासून तिथे लिहिलेलं असल्यामुळे ड्रायव्हर फक्त तिच्यापुरतं वेगळं वागू शकला असता.

तुमच्याकडे रास्पबेरी पाय ४ असेल तर आज करून बघा. प्रॉक फोल्डरमध्ये डिव्हाइस-ट्री, त्यात कंपॅटिबल नावाची फाइल वाचा. दोन नावं एकमेकांना चिकटून दिसतील. पहिलं "रास्पबेरीपाय, ४-मॉडेल-बी", दुसरं "बीआरसीएम, बीसीएम२७११". आधी बोर्डाचं नेमकं नाव, मग आतल्या ब्रॉडकॉमच्या प्रोसेसरचं. चिकटलेली दिसतात कारण मधला विभाजक डोळ्यांना दिसत नाही.

तुमच्या फोनचं नाव काय?

आता म्हणाल, दादा, आम्हाला द्राक्षं नाहीत आणि डबाही नाही. ठीक आहे, फोन तर आहे.

पोको एफ१ आठवतो? २०१८ साली आलेला. बाहेरून सगळे सारखे, पण आतला डिस्प्ले दोन प्रकारचा होता. काहींत तिआन्मा कंपनीचा, काहींत ईबीबीजीचा. खोक्यावर हा फरक लिहिलेला नव्हता, पण कर्नलला तो कळायलाच हवा, नाहीतर पडदा काळा. म्हणून लिनक्समध्ये या एकाच फोनच्या दोन डिव्हाइस ट्री फाइली आहेत, दोन डिस्प्लेंसाठी दोन. फोनचं तिथलं नाव "शाओमी, बेरिलियम". वनप्लस ६ चं नाव "एन्चिलाडा" आणि ६टी चं "फहिता". दोन्ही मेक्सिकन धाटणीच्या खाण्याचे पदार्थ! रेडमी २ ची गंमत आणखी वेगळी. त्याची नोंद विंगटेक या कंपनीच्या नावाने आहे, कारण फोन प्रत्यक्षात तिने बनवला होता. दुकानातल्या पाटीपेक्षा आत काय आहे, कुणी बनवलंय, याला इथे मान.

याचा उपयोग काय? कंपनीने अपडेट देणं बंद केलेल्या फोनवर साधा, ताजा लिनक्स चालवता यावा म्हणून धडपडणारे लोक आहेत. पोस्टमार्केटओएस हा असा एक प्रकल्प २०१७ पासून चालू आहे. फोन दहा वर्षं टिकावा हे त्यांचं ध्येय. त्यांच्या कामाचा मोठा भाग म्हणजे फोन उघडून आतल्या एकेका चिपेचं नाव शोधणं आणि ते सगळ्यांच्या यादीत नोंदवणं. ज्या फोनच्या चिपांची नावं कंपनीच्या कपाटात राहिली, तो फोन कंपनीचं लक्ष उडालं की मेला. ज्याची नावं नोंदवलेली आहेत, त्याला दुसरं कुणीतरी जगवू शकतं.

ही नोंदवही कुठून आली

थोडा इतिहास, पटकन.

डिव्हाइस ट्रीची कल्पना लिनक्सची नाही. ती ओपन फर्मवेअर नावाच्या पद्धतीतून आली, जिचं प्रमाण १९९४ साली आयट्रिपलई या संस्थेने प्रसिद्ध केलं. सन कंपनीचे संगणक आणि पॉवरपीसीवाले संगणक ती वापरत. एआरएम प्रोसेसरच्या जगात, म्हणजे आपल्या फोनच्या जगात, तेव्हा हे नव्हतं. प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्येच वेगळी कोडची फाइल लिहायचे. फोन वाढले, बोर्ड वाढले, फाइलींचा ढीग झाला. २०११ साली लिनस टोरवाल्ड्सने एआरएमवाल्यांना जाहीर शिव्या घातल्या. तेव्हापासून एआरएमची गाडी डिव्हाइस ट्रीकडे जोरात वळली.

मग प्रश्न आला, नावं कोण ठरवणार? सगळ्यांनी माझ्यासारखं "मामा, हवा-सेन्सर" लिहिलं तर? म्हणून कर्नलच्या डॉक्युमेंटेशन फोल्डरमध्ये डिव्हाइसट्री, आणि त्यात बाइंडिंग्ज नावाचा मोठा फोल्डर आहे. प्रत्येक नावाची तिथे नोंद हवी. कंपन्यांच्या पहिल्या शब्दांची वेगळी यादी आहे. पूर्वी या नोंदी साध्या निबंधासारख्या असायच्या, ज्याला जसं सुचेल तसं लिहायचा. २०१८-१९ च्या सुमारापासून त्या याम्ल या ठरलेल्या साच्यात लिहायला लागले. त्यामुळे नोंद माणसालाही वाचता येते आणि संगणकालाही तपासता येते. नोंद न करता नवीन नाव कोडमध्ये घातलंत, तर चेकपॅच नावाची स्क्रिप्ट लगेच टोकते की या नावाची कागदपत्रं दिसत नाहीत.

एकदा नोंदवलेलं नाव सहज बदलत नाही, हेही महत्त्वाचं. फ्रीस्केल कंपनी २०१५ साली एनएक्सपीत विलीन झाली. पाट्या बदलल्या, पण कर्नलमधली तिच्या चिपांची "एफएसएल" ने सुरू होणारी नावं आजही तशीच आहेत. कारण जगात कुठेतरी, कुणाच्या तरी कारखान्यात, जुनं नाव लिहिलेली फाइल चालू आहे. नवा कर्नल टाकल्यावर ते यंत्र बंद पडता कामा नये. नाव म्हणजे दिलेला शब्द.

मी नोंद करायला गेलो तेव्हा

डबा त्याच दिवशी दुरुस्त झाला. नावांची रांग लावली, पाच मिनिटांचं काम. पण मला तेवढ्यावर थांबावंसं वाटेना. ती स्वस्त चिप अजून कितीतरी लोकांच्या डब्यात असणार. म्हणून तिची रीतसर नोंद करायचं ठरवलं.

नोंदीची फाइल लहान असते. वर परवान्याची ओळ, आणि तिथे दोन परवाने दिलेले चालतात, जीपीएल किंवा बीएसडी. असं का, तर ही माहिती फक्त लिनक्सची मालकी होऊ नये. फ्रीबीएसडी, यू-बूट असे इतर प्रकल्पही तीच नावं वापरतात. मग शीर्षक, सांभाळणाऱ्याचं नाव, चिपेचं थोडक्यात वर्णन, कंपॅटिबल नावं, पत्ता, आवश्यक गोष्टी कुठल्या ते, आणि शेवटी एक उदाहरण. मग "मेक डीटी_बाइंडिंग_चेक" ही आज्ञा द्यायची. उदाहरणात स्वल्पविराम चुकला तरी ती पकडते.

पहिल्यांदा पाठवलं, आणि उत्तर आलं. तीन मुद्दे होते. तिन्ही लागले, म्हणून सांगतो.

पहिला मुद्दा, तुम्ही वर्णनात ड्रायव्हर काय करतो ते लिहिलंय, ते नको. चिप काय आहे ते लिहा. ड्रायव्हर उद्या बदलेल, चिप बदलणार नाही.

दुसरा, नावात शेवटी "एक्स" का? मी हुशारी केली होती. त्या कंपनीच्या पुढच्या सगळ्या चिपा एकाच नावात बसाव्यात म्हणून शेवटचा आकडा काढून "एक्स" टाकला होता. त्यांचं म्हणणं असं की पुढची चिप कशी असेल हे तुम्हाला माहीत नाही. आज हातात आहे तिचंच नेमकं नाव लिहा. पुढची तशीच निघाली तर तिच्यामागे हे नाव रांगेत लावता येईल.

तिसरा, "बसतो" म्हणताय, कशावरून? चालून बघितलं एवढं पुरेसं नाही. दोन्ही माहितीपत्रकं शेजारी ठेवून आदेश तपासलेत का?

मंडळी, मला काका आठवले. कुणी नवीन पार्ट आणून "हा पण बसतो" म्हणालं की काका व्हर्नियर कॅलिपर काढायचे. मोजल्याशिवाय वहीत नोंद नाही. "घाईत लिहिलेलं 'बसतो' म्हणजे गिऱ्हाइकाच्या विहिरीवर बंद पडलेला पंप," असं म्हणायचे.

मी दोन रात्री बसून माहितीपत्रकं तपासली. एक आदेश खरंच वेगळा निघाला. आतला हीटर किती तापवायचा, त्याचा. ओलावा मोजायला तो लागत नाही, पण फरक आहे. तो वर्णनात लिहिला. दुसरी खेप पाठवली. तिच्यात एक चूक राहिली. आधी कंपनीच्या नावाची नोंद, मग चिपेची, असे वेगवेगळे तुकडे करून क्रमाने पाठवायचे असतात, मी सगळं एकत्र कोंबलं होतं. तिसरी खेप या आठवड्यात गेलीय. स्वीकारतील की परत पाठवतील, माहीत नाही. परत आली तर चौथी.

या तिसऱ्या खेपेआधी एक गोष्ट केली. मामेभावाला शेजारी बसवलं. चिपेवरचा बारीक नंबर त्याने भिंगातून वाचला, मी लिहून घेतला. तपासणीची आज्ञा त्याने चालवली. काम झाल्यावर त्याला म्हणालो, "त्या दिवशी मी उगाच बोललो. तू बरोबर केलं होतंस."

तो म्हणाला, "दादा, मला वाटलं आता आपण कधी डब्याला हात लावायचा नाही."

हे वाक्य मला दावण्यापेक्षा जास्त लागलं. माझ्या एका न लिहिलेल्या नावामुळे एक हुशार पोरगं यंत्रांपासून लांब जाता जाता राहिलं.

तुम्ही काय करू शकता

तुम्ही सांगली, सातारा, कऱ्हाड कुठल्याही कॉलेजात असाल, बोर्डाचे प्रोजेक्ट करतच असाल. सांगलीच्या वालचंद कॉलेजात तर लिनक्स युजर्स ग्रुप आहे, तिथल्या पोरांना हा विषय नवा नाही. बाकीच्यांसाठी तीन साध्या सवयी.

एक. सेन्सर घेतलात की त्यावरचा नेमका नंबर लिहून ठेवा. दुकानाच्या पावतीवरचं नाव पुरेसं नाही. बीएमई म्हणून बीएमपी हातात पडल्याच्या तक्रारी हौशी लोकांमध्ये नेहमीच्या आहेत.

दोन. स्वतःचं नाव शोधण्याआधी बाइंडिंग्ज फोल्डरमध्ये ते नाव आहे का शोधा. बहुतेक वेळा असतंच. नसेल तर "बसतो" वाली रांग लावा, ड्रायव्हरमध्ये गुपचूप नाव घुसडू नका.

तीन. नोंद नसेल आणि चिप तुमच्या हातात असेल, तर ती नोंद करायला तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा कुणी नाही. फार मोठा प्रोग्रॅमर असायची गरज नाही. माहितीपत्रक नीट वाचता आलं पाहिजे, आणि चूक दाखवली की पुन्हा पाठवता आलं पाहिजे.

काकांचं दुकान आता बंद झालंय. वही माझ्याकडे आहे, पण तिच्यातले निम्मे नंबर मला लागत नाहीत. काही ठिकाणी त्यांनी फक्त एक खूण केलीय, ती त्यांनाच कळायची. तेवढ्या ओळी त्यांच्याबरोबर गेल्या. बाकीच्या अजून कामाला येतात. मागच्याच महिन्यात एका शेजाऱ्यांना पंपाचा वॉशर त्या वहीतून मिळाला.

मामांच्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर चिपांची खरी नावं, कुठली तार, कुठला पत्ता, सगळं. अक्षर मामेभावाचं. काल त्याने पुन्हा अपडेट मारलं, मला न विचारता. संध्याकाळी मामांचा फोन आला. मी जरा धास्तावूनच उचलला.

"काय न्हाई रं, सगळं आकडं येत्यात. जेवलास का, म्हणून फोन केला."

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडेही असा एखादा मुका डबा पडून असेल तर उघडून बघा आणि आतल्या चिपेचं नाव मला कळवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!